वखारीतली सभा आणि पाचवी इयत्ता

"कोन शिंकलं? यारू? कोन शिंकलं त्ये आदी सांगा!"

आप्पा गादीवरून अर्धे उठून मराठीत आणि कानडीत ओरडत होते. त्यांचा आवाज असा, की वखारीच्या पत्र्यावरची कबुतरं जी उडाली ती तवंदीच्या घाटापलीकडंच उतरली असावीत. मी हातात ठरावाचा कागद धरून उभा होतो. ‘आपल्या गावच्या मराठी शाळेस पाचवी इयत्ता जोडावी व’ इथवर वाचून झालं होतं. त्या ‘व’वर शिंक आली.

"मी न्हाय बा," हवालदार म्हणाले आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मिशी ओली होती.

"अण्णा, तुमीच. म्या या डोळ्यांनी बगितलं."

"आलती, पर मी दाबली. निम्मी शिंक धरत्यात व्हय?"

"निम्मी काय आनि पाव काय! शुभ कामात शिंक ती शिंक. मास्तर, ठेवा कागुद खाली. सभा तहकूब."

मी कागद खाली ठेवला. तो मी इतक्या वेळा खाली ठेवला होता की त्याला तंबाखूचा रंग चढला होता, आणि तो आता ठराव म्हणून पास होण्यापेक्षा विडी म्हणून ओढला जाण्याच्या लायकीचा झाला होता.

निपाणीपासून दोन कोसांवरचं हे गाव. राज्य इंग्रजाचं, शाळा लोकल बोर्डाची, आणि शाळेत मास्तर एकटा मी. शाळेवर हुकूम चालवायला मात्र माणसांचा तुटवडा नव्हता. बेळगावला बोर्ड, चिकोडीला दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे, आणि गावात शाळा कमिटी. बोर्डाचं म्हणणं असं, की गावच्या कमिटीनं ठराव करून पाठवला तर पाचवी इयत्ता देऊ, आणि पाचवी दिली की दुसरा मास्तर आपोआप देऊ. एवढाच तो ठराव. दोन ओळींचा. लग्नपत्रिकेत दोनच ओळी असल्या तरी माणसं बोहल्यावर चढतात. आमचा ठराव ‘व’च्या पुढं कधी गेला नाही.

कमिटीचे अध्यक्ष आप्पा, तंबाखूचे मोठे व्यापारी. सकाळी देवळात जाऊन येणारे, पाणी गाळून पिणारे, मुंगीला वळसा घालणारे सज्जन गृहस्थ. शाळेची घंटा त्यांनीच दिलेली. हवालदार हे पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. लढाईत त्यांनी काय केलं हे ते दर खेपेला नव्यानं ठरवत. उरलेले दोघे शेतकरी. त्यांतला एक आप्पांकडं बघून मान हलवायचा आणि दुसरा त्या पहिल्याची मान बघून.

सभा वखारीतच भरायची, कारण हंगामात आप्पा तंबाखू सोडून हलत नसत, आणि शाळेच्या खोलीत चार थोर माणसं बसवायची तर चार इयत्ता बाहेर काढाव्या लागत. वखारीत एका अंगाला गादी, लोड आणि कमिटी. दुसऱ्या अंगाला गावच्या बायका तोंडाला पदर गुंडाळून तंबाखू चाळत, काड्या निवडत बसलेल्या. चाळण्या हलल्या की अशी भुकटी उठायची, की समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा. त्या बायका कधी शिंकल्या नाहीत. शिंकायचे ते कमिटीवाले. आणि शिंक म्हणजे अपशकुन. शिंकेवर आमच्याकडं कुणी बी पेरत नाही, सोयरीक ठरवत नाही, गावालाही निघत नाही. मग इयत्ता कशी काढावी?

शाळेचं माझं सांगायचं तर एका खोलीत बिगरीपासून चौथीपर्यंत सगळी. एका कोपऱ्यात पाढे, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात ‘ग म भ न’, आणि मधोमध चौथीला घटप्रभेचा उगम सांगणारा मी. सगळी एकदम सुरू झाली की रस्त्यानं जाणारी जनावरं बुजून गाड्यांसकट शेतात शिरत, आणि शेतमालक भांडायला माझ्याकडं येत. शाळा सुटेपर्यंत माझा घसा इतका बसायचा की घरी बायकोनं चहा टाकू का विचारलं तर मी पाटीवर ‘होय’ लिहून दाखवायचो. तिला वाचता येत नव्हतं. बरेच दिवस मी चहाशिवाय काढले.

तरी शाळेचा निकाल चांगला. दिपोटी साहेब दर तपासणीला ‘निकाल उत्तम’ असा शेरा मारून जात. हा शेरा मला नकोसा वाटायचा. कारण आमच्याकडं पास होण्यासारखं नुकसान दुसरं नव्हतं. नापास झालेलं पोर आणखी एक वर्ष शाळेत राहायचं. पास झालेलं लगेच तंबाखूत जायचं. पुढची शाळा निपाणीला, आणि तिकडं रोज पायी कोण पाठवणार? त्यातून पोरीला? म्हणून हुशार पोरं जाणूनबुजून नापास व्हायची. बाकीची आपोआप.

अशीच एक पोरगी होती. तिला नद्या उगमापासून मुखापर्यंत पाठ, हिशेब तोंडी. आदल्या तपासणीत दिपोटी साहेबांनी तिला विचारलं, घटप्रभा कुठं उगम पावते? ती जमिनीकडं बघून म्हणाली, "ठावं न्हाय." सात पाच किती? "ठावं न्हाय." नाव काय तुझं? त्यालाही ती तेच म्हणणार होती, पण मी खोकलो. नापास झाली. दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेला हजर, आणि तोंडावर असं हसू की जणू बोर्डाची स्कॉलरशिप मिळाली.

पण ही युक्ती एकदाच चालते; दोनदा नापास झालेल्या पोरीला बाप तसाच शाळेतून काढतो. यंदा पोरगी पास झाली. तिची आई त्या वखारीतच चाळणीवर बसायची. एका सभेनंतर मला दारात गाठून म्हणाली,

"गुरुजी, पाचवी व्हनार का न्हाय, येक काय त्ये सांगा. तिचा बा म्हनतोय, पास झाली न्हवं, आता कशाला बसवायची?"

"होणार, आक्का. पुढच्या सभेत नक्की."

"मागल्या बारीला बी तुमी आसंच म्हटलासा."

"मागल्या खेपेला शिंक आली, आक्का."

ती पदर नाकावर ओढून आत गेली.

मग मी इरेला पेटलो. एक शिंक वाईट, पण लागोपाठ दुसरी आली तर जोडशिंक, आणि जोडशिंक शुभ, हे तर सगळ्यांनाच मान्य. मी निपाणीच्या बाजारातून तपकीर आणली. अशी जहाल, की पुडी सोडली तसा दुकानाबाहेर बांधलेला घोडा गुडघ्यावर बसला. पुढच्या सभेत मी ‘व’ म्हटलं, हवालदार ठरल्यासारखे शिंकले, आणि त्याच क्षणी मी चिमूट ओढून दुसरी शिंक अशी हाणली की ठरावाचा कागद बायकांच्या चाळणीत जाऊन पडला.

"जोडशिंक!" मी म्हणालो. "शुभ झालं, आप्पा. मंजूर करा."

आप्पांनी डोळे मिटले. "मास्तर, जोडशिंक येका नाकाची लागत्या. येक अण्णांची, येक तुमची. ही जोड न्हवं. हे दोन वेगळं अपशकुन झालं."

"व्हय," हवालदार म्हणाले. दोन्ही माना हलल्या. सभा तहकूब झाली आणि मी संध्याकाळपर्यंत शिंकत राहिलो, त्यातल्या कितीतरी जोडशिंका होत्या आणि सगळ्या एकाच नाकाच्या, पण तेव्हा अध्यक्ष नव्हते.

ठराव काही येईना, तेव्हा शेवटी बोर्डालाच नवल वाटलं असावं. दिपोटी साहेब स्वतः सभेला बसणार असा निरोप आला. आणि इथं आप्पांच्या हातून ती गोष्ट झाली, जी आमच्याकडच्या पाहुण्यावेड्या माणसाच्याच हातून होऊ शकते. साहेब येणार म्हणून त्यांनी वखार झाडून घेतली. चाळण्या बंद. बायकांना बाहेर भिंतीच्या सावलीत बसवलं. पोती झाकली, खिडक्या उघडल्या, वरून घागरी घागरी पाणी शिंपडलं. नवीन सतरंजी, केळी, चहा. वखारीला जन्मात पहिल्यांदा ओल्या मातीचा वास आला.

साहेब बसले. धारवाडकडचे होते, मराठी स्वच्छ बोलायचे, पण एकेक शब्द चाचपून.

मी उठलो. ‘आपल्या गावच्या मराठी शाळेस पाचवी इयत्ता जोडावी व’. आणि सवयीनं थांबलो.

काहीच झालं नाही.

आप्पांनी हवालदारांकडं बघितलं. हवालदारांनी तोंड उघडलं, मान वर केली, उघड्या खिडकीतल्या उन्हाकडं डोळे लावले, दोन्ही नाकपुड्या फुगवल्या. कमिटीच काय, मी आणि साहेबसुद्धा श्वास धरून बसलो. हवालदारांचं तोंड हळूहळू मिटलं.

"न्हाय येत," ते हळूच म्हणाले.

"पुढे वाचा, मास्तर," साहेब म्हणाले.

पुढं काय लिहिलंय ते मलाही नीट आठवत नव्हतं. तिथवर कधी गेलोच नव्हतो. मी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, ‘व त्यासाठी दुसरा शिक्षक मिळावा, अशी कमिटीची विनंती आहे.’ ठराव पुरा वाचला गेला. मला वाटलं, झालं. गड आला.

"कुणाची हरकत?" साहेबांनी विचारलं.

आप्पा लोडाला टेकले. ते एकदम थकल्यासारखे दिसले. इतकी वर्षं शिंकेनं जे काम केलं ते आता त्यांना तोंडानं करायचं होतं.

"साहेब, शाळा मला बी पायजे. घंटा मीच दिलीया. पर चौथी झाली की पोरींची बोटं काडी निवडायला बराबर बसत्यात. आता पाचवी काडली, मग सवी काडा म्हनतील, मग सातवी. तवर त्या बोटांला लेखनीची सवय लागली की झालं. मग वखारीत बसायचं कुनी? मी का तुमी?"

मी म्हणालो, "आप्पा, तुमची दोन्ही मुलं बेळगावला कॅम्पात इंग्रजी शिकतात."

"ती माजी हैत, मास्तर."

यात राग नव्हता. सरळ उत्तर होतं. हवालदार ‘व्हय’ म्हणाले. एक मान हलली, मग दुसरी.

साहेबांनी बशीतला चहा संपवला. "कमिटीची इच्छा नसेल तर बोर्ड आग्रह धरत नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, मला बरं वाटावं म्हणून बहुधा, "तुमच्या शाळेचा निकाल उत्तम आहे. तो असाच ठेवा." त्यांनी एक केळं खाल्लं, एक खिशात घातलं, आणि टांगा चिकोडीच्या वाटेला लागला.

मी वखारीच्या ओट्यावर बसून राहिलो. बायका आत गेल्या. खिडक्या लावल्या, पोती उघडली, चाळण्या सुरू झाल्या आणि भुकटी उठली. हवालदार जोड्यात पाय घालताघालता एकामागून एक शिंकत सुटले. कुणी लक्ष दिलं नाही.

शेवटी मी उठून त्या पोरीच्या आईजवळ गेलो. सगळ्याजणींचे पदर नाकावर, नुसते डोळे उघडे. तिला ओळखायला मला वेळ लागला. ओट्यावर बसल्याबसल्या मी ठरवलं होतं काय सांगायचं ते. इयत्ता नसली म्हणून काय झालं, पोरीला नुसती चौथीच्या बाकड्यावर बसू दे. पुस्तकं मी आणतो, पाचवीचं सगळं मी शिकवतो, बोर्डाला कशाला कळायला पाहिजे. तेवढं सगळं मी सांगितलं.

"तिला उद्या पाठवा, आक्का," मी म्हणालो.

ती चाळणी हलवत म्हणाली, "तिला सोमवारपास्नंच हितं लावलीया, गुरुजी."