दिव्याखालची वायर

सरड्याला अंगची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून मुलीने परदेशी जाताना तिचा पाळलेला सरडा माझ्या हवाली केला, तेव्हा तीनदा बजावलं, "आई, हात लावून अंदाज घ्यायचा नाही. आकडा वाचायचा." काचेच्या पेटीत एका टोकाला दिवा, दुसरं टोक गार, दोन्हीकडे थर्मामीटर. दिव्याखाली सेन्सरची वायर. ती पुरेशी तापली की दिवा आपोआप विझतो.

आज पेटी पुसताना मी ती वायर बाहेर काढली आणि आत ठेवायला विसरले. बाहेर वायरीला लागत होता आमच्या नाशिकचा गारठा, मग दिवा कसला विझतोय! तासाभराने पाहते तर सरडा गार टोकाच्या काचेला चिकटून तोंड वासून बसलेला. मी घाईघाईने दिवा बंद केला, झाकण उघडलं, वायर आत ठेवली.

तो निवळेपर्यंत तिथेच बसले. वाटलं, त्या वायरीहून मी तरी वेगळं काय करते? इथे शाल गुंडाळून रोज मुलीला फोनवर विचारते, "स्वेटर घातलास ना गं?" आणि ती वैतागते, "आई, घरात हीटर आहे, उकडतंय मला!"

संध्याकाळी तिचा फोन आला. "किती आहे गं?"

"दिव्याखाली अडतीस, गार टोकाला पंचवीस."

"छान."

स्वेटरचं आज मी विचारलं नाही. माझ्या खोलीत किती आहे, हे तिनेही विचारलं नाही. फोन ठेवला, खुर्ची पेटीपाशी ओढली आणि दिव्याकडच्या काचेला हात लावून बसले.