आबांच्या बोटाखालचे ठोके

आधीच सांगते, मी रस्त्यातलं लिंबू-मिरची ओलांडून ड्युटीला जाणारी बाई आहे. सासूबाई अमावस्येला बाहेर पडू नको म्हणाल्या, तेव्हा मी मुद्दाम डबल ड्युटी घेतली होती. अंगात आलेली माणसं आमच्याकडेही येतात. त्यांची शुगर तपासली की बहुतेक वेळा काय ते कळतं. तरी हे लिहायला बसले आहे... चार वेळा लिहून खोडलं.

माझं माहेर पाबळ, सासर दौंड. यवतच्या बाजूला हायवेला लागून एक हॉस्पिटल आहे, नाव विचारू नका. तिथल्या हृदयरोग विभागात मी अकरा वर्षं नर्स आहे. सहा बेड. प्रत्येक बेडच्या डोक्याशी भिंतीत बसवलेला मॉनिटर, आणि सगळ्यांचे ठोके आमच्या काउंटरवरच्या मोठ्या स्क्रीनवर, पेशंटच्या नावासकट. (इथली नावं मी बदलली आहेत.)

चार नंबरला होते कासुर्डीचे आबा. हार्ट अटॅक येऊन गेलेला, वय ऐंशीच्या आसपास, पूर्वीचे मेंढपाळ. कानाने जवळजवळ बहिरे, आणि कानाचं मशीन मुलाने दुरुस्तीला नेलेलं. आबा भारी चुळबुळे. छातीवरच्या वायरी ओढायचे, की काउंटरवर अलार्म! दिवसातून वीस वेळा मी तो बंद करायचे आणि वीस वेळा आबांना ओरडायचे. ओरडल्याशिवाय त्यांना ऐकूच जायचं नाही म्हणा.

तीन नंबरला, खिडकीशी, रमजानचाचा. यवतचे वेल्डिंगवाले. त्यांचे ठोके अनियमित पडायचे. दोन भरभर, एक उशिरा, मग तीन घाईत... त्याला काही ताल नाही. दोघांच्या मध्ये पडदा.

आबा एका बोटाने बेडच्या दांडीवर टकटक करत बसायचे. मला वाटलं, भजन चालू असेल मनात. दुसऱ्या दिवशी त्यांची नाडी मोजत होते. नाडी साठ, संथ. बोट मात्र भलतंच पळत होतं, मध्येच अडखळत होतं. सहज अर्धवट सरकलेल्या पडद्यापलीकडे नजर गेली, चाचांच्या मॉनिटरवर. टक-टक... टक. प्रत्येक ठोका बोटाबरोबर. अडखळणंसुद्धा!

पूर्ण तीन मिनिटं पाहिलं मी. ठोक्याचा बीप आम्ही बंद ठेवतो, नाहीतर पेशंट झोपत नाहीत. मॉनिटरकडे आबांची पाठ. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. डबा तसाच घरी नेला आणि सासूबाईंची बोलणी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी खिडकीचा हट्ट धरला. "उघड्यावर जलम गेला माझा. हितं कोंडल्यागत व्हतंय."

चाचा हसले. "घ्या आबा, तुम्हीच घ्या. मला खिडकीचं काय करायचंय?"

दोघांचे बेड ढकलून जागा बदलल्या, नव्या जागेच्या वायरी लावल्या. तेवढ्यात नवीन ॲडमिशन आलं, मी तिकडे पळाले. आणि काउंटरवरच्या स्क्रीनवर नावं बदलायची राहिली.

ड्युटी संपायला वीस मिनिटं होती. चाचांना दुपारी डुलकी लागायची, म्हणून मी त्यांचा पडदा ओढून घेतला होता. काउंटरवर अलार्म वाजला. पाहिलं, तर आबांच्या नावापुढे वेडीवाकडी रेघ. वायरी हलल्या की अगदी अशीच दिसते. आन् परत आबाच, असं पुटपुटत मी अलार्म बंद केला आणि त्यांना झापायला गेले.

आबा खिडकीशी निवांत बसलेले. वायरी जागच्या जागी. बोट दांडीवर होतं, पण हलत नव्हतं.

"आबा, काय ओढलंत?"

ऐकू गेलं की ओठांवरून ओळखलं, माहीत नाही. पडद्याकडे हात केला आणि म्हणाले, "माझं न्हाई, सिस्टर. त्येंचं थांबलंय."

पडदा बाजूला सारला. चाचा निळे पडलेले. मानेला बोटं लावली... काही नाही. मी ओरडले, छाती दाबायला लागले, खालून डॉक्टर पळत आले. एक शॉक दिला, पुन्हा दाबणं सुरू. मनात एकच चाललं होतं, मी मारलं या माणसाला. आबांच्या नावापुढची ती रेघ यांची होती, आणि माझ्या हाताने अलार्म बंद केला मी.

आणि तेवढ्यात मागून, आबांच्या दांडीवरून, आवाज आला. टक. मग टक-टक... टक.

छाती दाबत असताना स्क्रीनवर ठोके कळत नाहीत, नुसता गोंधळ दिसतो. नाडी लागली आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "थांबा, बघू." मानेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. चाचांची नाडी होती.

नंतर मी आबांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून विचारलं, कसं कळलं?

"पयले मेंढरं व्हती आमची," ते म्हणाले. "आजारी मेंढराच्या मांडीतल्या नाडीवर बोट ठिवून बसायचो. सवय लागली बोटाला."

"पण आबा, तुम्ही तर त्यांना हातसुद्धा लावला नव्हता!"

हे त्यांना ऐकू गेलं नाही.

डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, थकला आहात, सुट्टी घ्या. सुट्टी घेतली. घरी नुसत्या येरझाऱ्या घातल्या. दांडीतून कंप जात असेल, असं मनाला समजावून पाहिलं. पण बेड एकमेकांना लागलेले नव्हते. आजही माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. खरं सांगायचं तर त्यापेक्षा जास्त छळतं ते वेगळंच.

चाचांना घरी सोडलं त्या दिवशी त्यांच्या मुलीने, नसीमाने, माझे दोन्ही हात धरले. रडत होती. "सिस्टर, तुमचं लक्ष होतं म्हणून अब्बा घरी चाललेत." स्टाफने टाळ्या वाजवल्या. मी हसले. चाचांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हाही हसले.

तुझं खरं नाव नसीमा नाही, पण वाचत असशील तर ओळखशील. स्क्रीनवरची नावं बदलायची मीच विसरले होते. तुझे अब्बा जात होते तेव्हा अलार्म मीच बंद केला. माझं लक्ष नव्हतं गं.