दोराचा भार वाचणारी बाई

तिसरीनंतर मी शाळेत गेलो नाही, पण दोर मला कळतो. तीस वर्षं जंगलात लाकूडओढीवर काढलीत. ओंडका दरीतनं वर यायला लागला की ताणलेल्या दोरावर तळहात ठेवायचा. ओंडका अडकलाय का नुसताच जड हाय, हे मी डोळे मिटून सांगायचो. मुकादमसुद्धा मला विचारल्याशिवाय इशारा द्यायचा नाही. हा गर्व मी अजून सोडलेला नाही. एका बाईपुढं मात्र तो गेल्या वर्षी बाजूला ठेवावा लागला, ती गोष्ट लिहितोय.

माझा धाकटा भाऊ सत्तरीला टेकलाय. गुंद गावाच्या बाजूला चुकलेली म्हैस हुडकायला गेला आणि ओल्या पाल्यावरनं घसरून घळीत पडला. खाली एका कातळाच्या टप्प्यावर अडकला म्हणून वाचला. घोटा मोडलेला, तोंड शाबूत. मी वरनं हाक मारली तर म्हैस घरी आली का, एवढंच विचारलं. म्हैस सकाळीच आली होती. ते मी त्याला सांगितलं नाही.

गावातल्यांनी फोन केल्यावर दांडेलीकडनं सुटका करणारी माणसं आली. कडेला लोखंडी तिपाई रोवली, तिला कप्पी लावली, मागं दोर ओढायला मोटरीचा विंच बसवला. विंचपाशी एक बाई बसली. चाळिशीची असंल, केसांत पांढरं. माझा भाऊ हिच्या हातात द्यायचा व्हय, असं मी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो. ती दोर तपासत राहिली. मी सवयीनं दोरावर तळहात ठेवला तेव्हा मात्र बोलली.

"अज्जा, हात काढा. बोटं जातील." तिनं दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी काढला.

तिच्यासमोर पाटीएवढा पडदा होता, त्यावर दोन आकडे. मी तीनदा विचारलं तेव्हा तिनं उलगडून सांगितलं. वरचा आकडा म्हणजे दोराला किती वजन लटकलंय. खालचा म्हणजे दोर गुंडाळणारा ढोल फिरवायला मोटरीला किती पीळ द्यावा लागतोय. मी म्हटलं, हे मला तळहात सांगतो. ती हसली, पण मान पडद्याकडंच.

त्यांचा एक माणूस खाली उतरला. भावाची पिशवी काढून घेतली, अंगाला पट्टे बांधले, आणि खालनं आधाराचा दोर धरून उभा राहिला. वरचा आकडा बासष्ट किलोवर ठरला. भाऊ वर यायला लागला. अर्ध्या वाटेवर वेलींची जाळी कातळाबाहेर आलीय, तिच्याआड तो दिसेनासा झाला आणि बाईनं विंच थांबवला.

"मशीन दमलं," मी म्हणालो. "जोर लावा, येतोय त्यो." लाकूडओढीत आम्ही हेच करायचो. अडलेल्या ओंडक्याला एक हिसका दिला की मूळ तुटायचं आणि ओंडका सुटायचा.

"मशीन दमलं असतं तर खालचा आकडा एकटाच चढला असता," ती म्हणाली. "दोन्ही चढलेत. म्हणजे तिकडं काहीतरी धरून ठेवतंय. आणि अज्जा, वर येतोय तो ओंडका नव्हे."

तिनं भावाला वीतभर खाली सोडलं, आकडा बासष्टवर आला. परत हळू ओढलं. त्याच जागी परत चढला. परत थांबली. भोवती सगळं गाव ओढा ओढा म्हणत होतं, त्यात माझाच आवाज मघाशी मोठा होता, पण तिचं बोट बटणावरनं हललं नाही. खालच्या माणसाला वायरलेसवर विचारलं, तर त्याला भावाचे पायच तेवढे दिसत होते. मग तिनं मला विचारलं, त्याच्या अंगावर अडकण्यासारखं काय आहे? काय न्हाई, मी म्हणालो, सगळं काढून घेतलंय की.

मी खाली टेकलो, आणि माझीच कोयती पाठीमागं खडकावर खणकली.

आमच्याकडं जंगलात जाणारा माणूस कमरेला मागच्या बाजूनं आकडी बांधतो आणि तिच्यात कोयती अडकवतो. पटका विसरंल, आकडी विसरणार नाही. तिला सामान असं आम्ही धरतच नाही, सामान काढ म्हटल्यावर ती कोण काढणार? भावाच्या अंगावर पावसासाठी पांघरलेली प्लास्टिकची खोळ होती, म्हणून त्या माणसालाही दिसली नाही.

मी कडेला पालथा पडून ओरडलो, "तम्मा, कोयती पाठीला हाय काय?"

"मग कुठं असणार?"

"येलीत अडकलीया ती. गाठ सोड."

भाऊ म्हणाला, "अण्णा, बाची कोयती हाय."

"बा गेला. मी हाय अजून. सोड म्हणतो न्हवं."

बाईनं दोर आणखी वीतभर सैल केला, म्हणजे त्याला पट्ट्याखाली बोटं घालता येतील. खाली लोखंड दगडावर वाजलं. तिनं विंच सुरू केला. ती पडद्याकडं बघत होती, आणि खरं सांगतो, मीपण घळीकडं न बघता पडद्याकडंच बघत होतो. एकसष्ट. एकसष्ट. एकसष्ट. एक किलोची कोयतीच तेवढी कमी झाली होती.

भाऊ वर आला. तिनं नंतर सांगितलं, हिसका दिला असता तर एक तर आकडीची दोरी त्याच्या पोटात रुतली असती, नाहीतर वेल तुटून तो कातळावर आपटला असता. माझ्या तळहाताला दोर ताणलेला कळला असता, हे मी अजूनही सांगतो. पण तळहातानं मला थांब म्हणून कधी सांगितलं नव्हतं. तिनं दोनदा थांबून दाखवलं.

भाऊ स्ट्रेचरवर नुसता कण्हत होता, आणि रिकाम्या कमरेवरनं हात फिरवत होता. मला बघवलं नाही. माझी आकडी सोडली आणि कोयतीसकट त्याच्या कमरेला बांधायला लागलो.

"अज्जा," बाई विंच पुसता पुसता म्हणाली, "गाडीत पायाशी ठेवा. कमरेला नको."

ह्या खेपेला तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.