गाळातल्या काकड्या

मारतहळ्ळीतल्या आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये साचलेलं पावसाचं पाणी आज तिसऱ्या दिवशी उपसून झालं. खाली घोटाभर तांबडा गाळ उरला. ऑफिसची बॅग खांद्यावर तशीच ठेवून मी चिखलातल्या गाडीकडे बघत उभी राहिले. ‘‘स्वल्प थांबा अक्का, धुवून देतो,’’ वॉचमन अण्णा आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले. पण त्या ओल्या वासानं मला केव्हाच कृष्णाकाठी नेलं होतं.

आमचं शेत नदीच्या वळणावर होतं. दर पुरात आमचा काठ ढासळायचा आणि ती माती थोडं खाली, पाणी संथ व्हायचं तिथं, पलीकडच्या शांताक्कांच्या काठावर बसायची. त्या मळईत शांताक्का काकड्या लावायच्या आणि पहिली टोपली नावेतून आमच्याकडे धाडायच्या. सोबत निरोप असायचा, ‘‘माती तुमची, पहिला घास तुमचा.’’

एका वर्षी आमचं काठावरचं जांभळाचं झाडच वाहून गेलं. त्यानंतर टोपली आली तेव्हा बाबांनी तोंड फिरवलं. बऱ्याच वेळानं त्यांनी एक काकडी उचलली, धोतराला पुसली आणि उभ्या उभ्याच खाल्ली. ‘‘गोड आहे,’’ एवढंच म्हणाले. तेव्हा मला ते हरल्यासारखे वाटले होते. आता वाटतं, ते आपलं शेत चाखत होते.

मीही त्याच काठावरून सुटून इथं, या परक्या शहरात येऊन बसले. पंधरा वर्षं झाली. इतकं पिकलं, पण गावाकडे माझी एकही टोपली गेली नाही.