उजव्या गालावरचा डाग

फ्रिजमधलं दही गायब व्हायला लागलं तेव्हा माझा संशय नवऱ्यावर होता. मग एका सकाळी बाथरूमचं अर्धवट लोटलेलं दार ढकललं, तर आत सासरे स्टुलावर बसलेले, गालाला पांढरा लेप. वय एकाहत्तर. मला हसू आवरेना. पुन्हा नवरदेव व्हायचा बेत दिसतोय, असं मी बोलून गेले. ते हसले नाहीत. बोललं तर लेपाला भेगा पडतील म्हणून त्यांनी नुसताच हात वर केला.

बाबा पस्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडायचे. टोपी कधी घातली नाही; वर वाऱ्याने उडते म्हणायचे. उन्हाने उजव्या गालावर कोटाच्या बटणाएवढा काळा डाग पडला आणि तो सासूबाईंच्या डोळ्यांत खुपायला लागला. सुट्टीच्या दिवशी त्या बटाटा किसून रस काढायच्या, त्यात दही आणि मसुरीच्या डाळीचं पीठ कालवायच्या आणि बाबांच्या गालावर थापायच्या. वीस मिनिटं हलायचं नाही, तीन महिने खाडा करायचा नाही, डाग जातोच, असं त्यांचं म्हणणं. त्यांची पाठ वळली की बाबा तोंड धुऊन टाकायचे आणि वर चारचौघांत त्यांच्या डॉक्टरकीची टिंगल करायचे. सासूबाई जाऊन आता वर्ष होईल.

मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. डाग घालवायच्या ट्यूबा रोज विकते, त्यामुळे तीस वर्षांचा डाग बटाट्याला दाद देत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी गप्प बसले. फक्त एकदा ते लेपात लिंबू पिळून उन्हात फिरायला निघाले तेव्हा मी रागावले, कारण त्याने कातडी भाजते आणि डाग उलट काळवंडतो. ते मुकाट्याने तोंड धुऊन आले. तिने कधी लिंबू घातलं नव्हतं, मीच जास्तीचा शहाणपणा केला, म्हणाले.

प्रमाण मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. पीठ किती, रस किती, कधी विचारलंच नव्हतं. वाटी नाकाशी धरून वास घ्यायचे आणि नाही म्हणून मान हलवायचे. ते बघून मला भरून यायचं, आणि भरून आलं की मी उगाच भांडी आपटायचे.

तीन महिने झाले त्या दिवशी त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं. मोतीबिंदूमुळे आरशात त्यांना नीट दिसत नाही.

"तू तोंडावर खरं बोलणारी. सांग, फरक पडलाय का?"

डाग होता तस्साच होता. सासूबाईंचा शब्द खरा ठरावा एवढीच त्यांची आस होती, आणि ती माझ्याच्याने मोडवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी खोटं बोलले.

"फिकट झालाय, बाबा. बराच."

वाटलं, खुलतील. पण ते गालावर हात ठेवून खुर्चीत बसले.

"म्हणजे तिचं खरं होतं," ते म्हणाले. "एकदा तरी तिच्यासमोर वीस मिनिटं बसायला हवं होतं गं मी."