पुसलेला खडू

पद्मजा हेल्मेट घालून डाव्या सीटवर बसली होती. बेल्ट लावायचा तेवढा राहिला होता. तेवढ्यात आमचा वेल्डर मारुती म्हणाला, "ताई, उतरा खाली. पहिल्या चढणीला दुसरं कोण बसत न्हाय."

"बसू दे की रं," मी म्हणालो. "गाडी त्यांचीच हाय."

"न्हाय अण्णा. उतरा ताई."

ती उतरली, पण तोंड वाकडं करून. तिचे वडील भूपाल आप्पा शेजारीच उभे होते. निपाणीत तंबाखूचा व्यापार, माणूस शब्दाला पक्का. त्यांनाही हे फारसं रुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही राग आला. गिऱ्हाइकासमोर आपला माणूस आपलं ऐकत नाही, हे कुठल्या मालकाला आवडेल?

माझं वर्कशॉप पिरनवाडीत आहे. आयुष्य जीपच्या चॅसिस, म्हणजे खालचे लोखंडी सांगाडे, सरळ करण्यात गेलं. अलीकडे आम्ही रॉक क्रॉलर बनवतो, म्हणजे खडकावर चढणाऱ्या गाड्या. लोकांना वाटतं या गाड्या सुसाट पळत असतील. तसं काही नाही. चालणारा माणूस हिला मागे टाकेल. पण कमरेएवढा धोंडा समोर आला तर ही त्याच्यावर चाक टेकवते आणि सावकाश वर जाते. रस्त्यावर चालवायला हिला परवानगी नसते, म्हणून ट्रकवर लादून न्यावी लागते. भूपाल आप्पांची गाडी आम्ही अशीच सकाळी विंचनं, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रानं, ट्रकवर ओढली, चाकांना बेल्ट आवळले, संकेश्वरजवळ थांबून ते पुन्हा एकदा आवळले आणि कोगनोळीच्या अलीकडे एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत उतरवली. पुढच्या महिन्यात बापलेक अशाच गाड्यांच्या स्पर्धेत उतरणार होते. बाप चालवणार आणि लेक शेजारी बसून वाट सांगणार.

आमच्याकडे दोन नियम आहेत, दोन्ही मीच केलेले. पहिला, ज्यानं वेल्डिंग केलं त्यानंच पहिली चढण करायची, आणि एकट्यानं. दुसरा नियम खडूचा.

गाडी बांधताना आम्ही सगळे भाग आधी टॅकवर उभे करतो. टॅक म्हणजे वेल्डिंगचा नुसता ठिपका. शिंपी पक्की शिलाई मारण्याआधी कच्चा दोरा घालतो, तसं. मापं जुळली की मग फुल्ल वेल्डिंग. जिथं नुसता टॅक असेल तिथं पांढऱ्या खडूनं फुली मारायची आणि वेल्डिंग पुरं झालं की करणाऱ्यानंच ती पुसायची. फुली आहे म्हणजे काम बाकी. फुली नाही म्हणजे काम झालं. वर्कशॉपमध्ये कुणी कुणाला विचारत बसत नाही, खडू बघतो.

मारुतीनं सपाटीवर दोन फेऱ्या मारल्या. मग गाडी खडकाला लावली. पुढची चाकं वर गेली. मागचं उजवं चाक धोंड्यावर चढू लागलं. इंजिनाचा आवाज अगदी मनासारखा येत होता. मी आप्पांना म्हणालो, "बघा, कशी मुंगीगत चढतीय."

तेवढ्यात काडकन आवाज आला.

मागचा एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, चार लोखंडी सळयांनी चॅसिसला धरलेला असतो. प्रत्येक सळई वेल्डिंगनं जोडलेल्या एका ब्रॅकेटमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, अडकते. त्यातलं खालचं उजवं ब्रॅकेट उखडलं. एक्सल जागच्या जागी फिरला, त्यानं ब्रेकची नळी तोडली आणि गाडी मागं घसरत डाव्या अंगावर कोसळली. वरचा पाइपांचा पिंजरा टिकला, पण डाव्या बाजूनं एक टोकदार दगड थेट आत शिरला. पद्मजाच्या सीटची पाठ त्यानं मधोमध फाडली.

मी पळत गेलो. आप्पाही आले. पद्मजा होती तिथंच हेल्मेट हातात धरून उभी राहिली. मारुतीला बेल्ट कापून बाहेर काढलं. उजवा हात लुळा पडला होता, चेहरा पांढराफटक. आणि मी काय केलं? "लागलं काय रं" असं विचारण्याआधी ओरडलो, "कुठं हुतं लक्ष तुझं? ब्रॅकेट उखडतंय कसं?"

मी वाकून ब्रॅकेट पाहिलं. काळ्या चकचकीत रंगाखाली हरभऱ्याएवढे दोन ठिपके होते. नुसता टॅक. फुल्ल वेल्डिंग झालंच नव्हतं.

"मारुती, हे टॅकवरच हाय की!"

"मी फुली मारलतो अण्णा," तो कळ सोसत म्हणाला. "भातकापणीला गावाला गेलतो. आलो तर फुली न्हवती. वरनं रंग. मला वाटलं, तुमीच केलासा."

आप्पा मध्येच म्हणाले, "चूक कुणाची ते दिसतंय की. माझी पोर बसली असती त्या सीटवर. असल्या माणसाला परत गाडीला हात लावू देऊ नका. न्हायतर आपला संबंध संपला."

त्या क्षणी मला सगळं आठवलं. खंडेनवमीचा दिवस. वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा असते, गाड्यांनाही हळदीकुंकू लागतं, झेंडूच्या माळा पडतात. पूजेला आप्पा सहकुटुंब येणार होते. मारुती आदल्या दिवशीच कणकुंबीकडं आपल्या गावाला गेला होता. ते ब्रॅकेट अर्धा इंच सरकवायचं होतं, म्हणून त्यानं ते टॅकवर ठेवलं होतं. मी पहाटे उठून, आप्पांना गाडी झकास दिसावी म्हणून, रॉकेलच्या फडक्यानं ती खालपासून वरपर्यंत पुसली. स्वतःच्या हातानं. मग पेंटरला सांगितलं, "मार काळा, लख्ख दिसू दे." देवासमोर अर्धवट, धुळीची गाडी कशी ठेवायची, हा एकच विचार डोक्यात होता. फुली माझ्या डोळ्यांसमोरून गेली की नाही, हे आजही मला सांगता येत नाही. गेली असणारच.

हे सगळं आठवलं आणि तरीही मी गप्प बसलो. याची मला आजही लाज वाटते. आप्पा तावातावानं बोलत होते, मारुती एका हातानं दुसरा हात धरून खाली बसला होता, आणि मी मान हलवत होतो. मारुतीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. फडकं कुणाचं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला बिचाऱ्याला खरंच वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकलं.

निपाणीच्या दवाखान्यात एक्सरे काढला. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर आत पट्टा बांधत होते आणि आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो होतो. पद्मजा बापाशेजारी बसली होती. एकाएकी ती म्हणाली, "पप्पा, त्यांनी उतरा म्हटलं म्हणून मी हितं बसलोय."

मग मात्र मला बसवेना.

"आप्पा," मी उभा राहून म्हणालो, "फुली मी पुसली. खंडेनवमीला. तुमी येणार म्हणून. रंगबी मीच मारायला लावला. मारुतीची काय चूक न्हाय."

आप्पांनी माझ्याकडं वळून विचारलं, "मग खाणीत का बोलला न्हाईसा?"

"भ्यालो."

"कुणाला? मला?"

मी आत गेलो. मारुती खाटेवर बसला होता. मी त्याला तेच सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तीस वर्षांत मी त्याला शिव्या हजार दिल्या असतील, माफी पहिल्यांदाच मागितली. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझ्या आईला कळवू नका. ती उगंच घोर लावून घील." माफ केलं, असं तो म्हणाला नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

आप्पांनी गाडी दुसरीकडं नेली नाही. अट मात्र घातली: वेल्डिंग मारुतीच करणार, हाड जुळल्यावरच करणार आणि पहिली चढण वर्कशॉपच्या मालकानं, म्हणजे मी, करायची. त्या वर्षीची स्पर्धा हुकली. पुढे त्याच खाणीत, त्याच खडकासमोर मी एकटा गाडीत बसलो. समोर मारुती उभा राहून हातानं वाट दाखवत होता. धोंड्यावर चाक चढताना मी त्याच्या हातावरची नजर काढली नाही. गाडी वर पोचली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मारुतीनं खाली वाकून चारही ब्रॅकेट टॉर्चनं पाहिली आणि मग पद्मजाला हाक मारली, "ताई, आता बसा."

आता आमच्याकडं खंडेनवमीला अर्धवट गाडी धूत नाहीत, पुसत नाहीत. गेल्या वर्षी पूजेला आलेल्या एका गिऱ्हाइकानं विचारलंच, "ही एवढी मळलेली का ठेवलीय?" मी काही बोलायच्या आत मारुतीनं माळ उचलली, खडूच्या फुल्यांना धक्का लागणार नाही अशी बेतानं बोनेटवर ठेवली आणि म्हणाला, "काम बाकी हाय तिचं."