झेंडूच्या ढिगातली उडी

माणसं मारायचे खेळ खेळतोस आणि वर त्याला इतिहास म्हणतोस, असं माझी बायको मला म्हणते. ती म्हणते ते खोटं नाही. व्हिडिओ गेमच्या ज्या मालिकेवर गेली सोळा वर्षं माझा जीव आहे, तिच्यात जुन्या काळातला एक मारेकरी असतो. कधी तो जेरुसलेमच्या बाजारात असतो, कधी इटलीतल्या गल्ल्यांत, कधी इजिप्तच्या वाळूत. पण मारण्याचं काम क्षणाचं असतं. बाकी सगळा वेळ आपण दिसू नये यातच जातो. शिपाई समोरून आले की पळायचं नाही, कारण पळणारा लगेच दिसतो. बाकावर दोन म्हातारे बसलेले असतील तर त्यांच्यामध्ये जाऊन टेकायचं. साधूंचा घोळका चालला असेल तर मान खाली घालून त्यात शिरायचं. सगळे करतायत तेच करत राहिलं तर कुणी तुमच्याकडे बघत नाही. पिंपळगावच्या ज्या पॅकहाऊसमध्ये मी द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं छापतो, तिथं मोठे साहेब आले की मी हेच करतो आणि दरवेळी वाचतो.

मधले काही भाग मला आवडत नाहीत, हेही सांगून टाकतो. लपायचं सोडून नुसतं ढाल-तलवार घेऊन भांडत सुटायचं, याला काय अर्थ आहे? नकाशा एवढा मोठा की घोड्यावर बसून माणूस कंटाळून जातो. खरी मजा पहिल्या चार-पाच भागांत होती. त्यांची मूळ कल्पनाच मला अजून थोर वाटते. आजच्या काळातल्या एका माणसाला यंत्रात झोपवतात आणि त्याच्या रक्तात उतरलेल्या पूर्वजाच्या आठवणी त्याला जगायला लावतात. म्हणजे आपण खेळतो ते सगळं आधीच घडून गेलेलं असतं. पूर्वजानं जे केलं नव्हतं ते तुम्ही केलंत, एखाद्या निरपराध माणसाला मारलंत, की यंत्र ताबडतोब टोकतं, तुझ्या पूर्वजानं असं केलं नव्हतं म्हणून. चित्र विस्कटतं आणि पुन्हा मागून सुरुवात करावी लागते. या खेळात आठवणीत लबाडी चालत नाही. मला हे फार आवडायचं, आणि का आवडायचं हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आमचं घर मखमलाबादच्या पुढे, मळ्यात. झेंडू, शेवंती आणि थोडा भाजीपाला. आतेभावाचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे आला तेव्हा मी दहावीत होतो आणि माझी बहीण आठवीत. दोघांना एकच खेळ आणि एकच खुर्ची. रोजची मारामारी चुकवायला आम्ही वाटणी केली, किबोर्ड माझा आणि माऊस तिचा. म्हणजे मारेकऱ्याचे पाय माझ्याकडे आणि डोळे तिच्याकडे. ती बघणार आणि मी चालणार. 'डावीकडं शिपाई हाय, दादा, थांब,' असं ती म्हणायची आणि मी थांबायचो. ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार खेळाडू होती. मी अधीर, ती सावध. मारेकरी छपरावर बसला की ती खालचा चौक पाच-पाच मिनिटं नुसता न्याहाळत राहायची. मग 'मार' म्हणायची, की मी उडी मारायचो. उडीचं बटण माझ्याकडे होतं.

खेळातली ती उडी ज्यांनी पाहिलीय त्यांना ती विसरता येत नाही. मारेकरी एखाद्या मनोऱ्याच्या टोकाला जातो, हात पसरतो आणि खाली झोकून देतो. खाली कुठंतरी गवताची गाडी उभी असते. तो बरोबर त्या गवतात पडतो आणि काहीच झालं नाही असा बाहेर येतो.

त्या वर्षी दसऱ्याला झेंडू इतका आला की बाजारात कुणी विचारेना. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, परत आणलेला माल शेडच्या मागे ओतला. पत्र्याच्या शेडला लागून माझ्या छातीएवढा केशरी ढीग झाला. दोन दिवसांनी भरदुपारी आम्ही दोघं शिडीनं पत्र्यावर चढलो. खाली बघितलं आणि आमच्या दोघांच्या मनात एकच आलं. तिनं मात्र आपल्या सवयीनं म्हटलं, 'थांब, आधी बघू.' मी म्हणालो, 'बघायचं काय त्यात, फुलंच आहेत. घाबरतीस का?' घाबरतीस का म्हटलं की ती काहीही करते, हे मला चांगलं ठाऊक होतं. तिनं हात पसरले आणि उडी मारली.

फुलांखाली रिकामे क्रेट उपडे पडले होते.

तिचा पाय मोडल्याचा आवाज मला वर पत्र्यावर ऐकू आला. मी शिडीवरून कसाबसा खाली आलो. ती पांढरीफटक पडली होती, केसांत, तोंडावर झेंडूच्या पाकळ्या. रडत नव्हती. मला जवळ ओढून ती पहिलं वाक्य काय बोलली ते मी आजवर आईलाही सांगितलेलं नाही. ती म्हणाली, 'उडी मारली असं सांगू नको. कॉम्प्युटर काढून घेतील.'

आता पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. मी लगेच आई-नानांना हाक मारली नाही. आधी बांधावरचा एक दगड उचलला आणि शिडीची वरून तिसरी पायरी ठेचून मोडली. दोन घाव घालावे लागले. मग हाक मारली. बहीण पाय मोडून पडलेली असताना मी पुरावा तयार करत होतो. त्या वेळी मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटलं असावं.

'शिडीची पायरी तुटली,' मी म्हणालो. नानांनी शिडीकडे एकदा बघितलं, पोरीला उचललं आणि दवाखान्यात नेलं. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पायात रॉड घातला, तरी तो पाय किंचित आखूड राहिला. ती आजही चालताना डाव्या अंगाला जराशी झुकते.

ती शिडी नानांनी बांधली होती, हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही. शिडी म्हणजे शिडी. पण आमच्या वस्तीवर शिडी लागली की लोक नानांकडेच यायचे. पेठच्या बाजूनं ते स्वतः बांबू निवडून आणायचे, सावलीत वाळवायचे, काथ्यानं पायऱ्या आवळायचे आणि प्रत्येक पायरीवर स्वतः उभं राहून बघायचे. मगच द्यायचे. नाना तसे कमी बोलणारे, पण शिड्यांबद्दल विचारलं की त्यांना बोलायला आवडायचं. बहीण दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी नानांनी घरातल्या दोन्ही शिड्या फोडून चुलीत घातल्या. त्यानंतर त्यांनी बांबूला हात लावला नाही. कुणी मागायला आलं तर 'माझ्या हाताचा भरवसा नाय राहिला' एवढंच म्हणायचे आणि आत निघून जायचे.

कॉम्प्युटर कुणी काढून घेतला नाही. उलट, पोरगी अंथरुणावर पडून कंटाळते म्हणून नानांनीच तो उचलून तिच्या खाटेजवळ आणून ठेवला. आम्ही खेळत राहिलो. ती बघायची, मी चालायचो. उंचावरून उडी मारायची वेळ आली की दोघंही काही बोलायचो नाही.

तुम्ही म्हणाल, मग सांगितलं का नाही? दरवर्षी सांगायचं ठरवत होतो. दहावी झाली की सांगू, नोकरी लागली की सांगू. पाच वर्षांपूर्वी बहिणीला बघायला चांदवडचे पाहुणे आले तेव्हा तर शब्द अगदी तोंडाशी आले होते. माणसं चांगली होती. मुलाच्या काकांनी फार हळू आवाजात पायाचं विचारलं. बहीण काही बोलायच्या आत नाना उठून उभे राहिले. म्हणाले, 'पोरीचा यात काही दोष नाय. शिडी मी बांधली व्हती. पायरी कच्ची निघाली. चूक माझी हाय.' परक्या माणसांसमोर हात जोडून म्हणाले. मी दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभा होतो. बहिणीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी पुढे होऊन बशा वाटल्या. लग्न तिथंच ठरलं.

त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, 'सांगून टाकू या का?' ती म्हणाली, 'आता सांगून नाना आणखीनच मोडतील रे.' तिला ते खरंच वाटत असेल. मला मात्र ते सोयीचं वाटलं.

या वर्षी मी जुन्या जपानातला नवा भाग घेतला. दसरा होऊन गेला होता, रविवारची दुपार होती, आई आणि बायको एका बारशाला गेल्या होत्या. नानांचे गुडघे आता दुखतात, त्यामुळे ते मळ्यात कमी जातात आणि माझ्या शेजारी खाटेवर बसून टीव्हीवर माझा खेळ बघतात. त्यांची टीका चालू असते. माझा मारेकरी एका देवळाच्या छपरावर चढला तर म्हणाले, 'देवळावर चढताना चपला काढल्या का त्यानं?' मी म्हटलं, नाही काढल्या. 'मग मरंल,' नाना म्हणाले.

मरणार नव्हता. मी त्याला टोकाशी नेला, खाली गवत होतंच. उडी मारली, तो गवतात पडला आणि बाहेर आला.

'एवढ्या वरून पडून काय झालं नाय त्याला?'

'खाली गवत आहे ना, नाना.'

'गवताखाली काय हाय ते बघितलं व्हतं का त्यानं?'

नाना सहज बोलले होते. मी खेळ थांबवला आणि खाटेशी खाली बसलो. एका दमात सगळं सांगितलं. क्रेट, घाबरतीस का म्हणालो ते, सगळं. नाना ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, 'मग पायरी?'

'मी मोडली. दगडानं.'

'कवा?'

'तुम्हाला हाक मारायच्या आधी.'

'पोरगी पडलेली असताना?'

'हो.'

नानांनी टीव्हीकडे बघितलं. तिथं मारेकरी गवताशेजारी उभा राहून श्वास घेत होता. मग ते म्हणाले, 'म्हणजे शिडी धड व्हती.' त्यांनी फोन घेतला, चांदवडला लावला आणि बहिणीला एवढंच विचारलं, 'तुला माहीत व्हतं?' पलीकडून ती काय बोलली मला ऐकू आलं नाही. नानांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीचे क्रेट टेम्पोत चढवत होतो तर नाना धोतर नेसून, टोपी घालून येऊन बसले. 'फूलबाजारात येतो,' म्हणाले. गुडघ्यांमुळे ते वर्षभर बाजारात आले नव्हते. मला वाटलं, लोकांना भेटायचं असेल.

लोकांनाच भेटायचं होतं. आमच्या जुन्या आडत्याच्या गाळ्यावर जाऊन त्यांनी रामराम केला आणि म्हणाले, 'आमची पोरगी शिडीवरून पडली व्हती, आठवतं का? ती शिडी तुटली नव्हती. शिडी चांगली व्हती.' आडत्या गोंधळला. 'कुठली शिडी, नाना?' तिथून ते हार करणाऱ्या एका मावशींकडे गेले. त्यांना पोरगी पडल्याचं आठवत होतं. 'शिडीचं काय मला ठावं नाय बा,' त्या म्हणाल्या. मग आमच्याच वस्तीवरचे एक काका भेटले. त्यांनाही नानांनी तेच सांगितलं. काका हसले आणि म्हणाले, 'तुम्ही मला शिडी करून द्यायला नाय म्हणला व्हता, तेवढं लक्षात हाय. मी म्हटलं, नाना लय मोठे झाले आता.'

त्यानंतर नाना आणखी कुणाकडे गेले नाहीत. मी त्यांना हात धरून टेम्पोत बसवलं. होळकर पुलावर गर्दी होती, गाड्या मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होत्या. आदल्या दुपारनंतर त्या गोष्टीबद्दल ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

'कुणालाच आठवत नाय,' ते म्हणाले. 'मला कुणी बोल लावतच नव्हतं. मीच लावत बसलो इतकी वर्षं.'

'चुकलं, नाना,' मी म्हणालो.

'आठ दिवसांनी सांगितलं असतंस ना, तर दोन थोबाडीत दिल्या असत्या आन् इसरून गेलो असतो,' नाना म्हणाले. 'आता तू एवढा मोठा झाला, तुला मारता बी येत नाय.'

मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मला समोरचं काही दिसत नव्हतं, आणि नाना माझ्याकडे न बघता म्हणत होते, 'चल, गाडी घे पुढं.'